पांढरी बुचं

दोर्वालिनो स्वयंपाकघरात शिरला तो टोपी हातात घेऊनच, जणू काही प्रार्थनेलाच आलाय. दुसऱ्या हातात दोन पिशव्या होत्या. एक प्लास्टिकची, नवी कोरी, दुकानातून आली तशी. दुसरी कापडी, उशीच्या जुन्या अभ्र्यातून शिवलेली. दोन्ही त्याने टेबलावर ठेवल्या आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसला.

"कोमारे, तीन दिवस उरलेत," तो म्हणाला. "मग अमावास्या."

त्याच्या थोरल्या पोरीची ओनोरिना धर्ममाता, म्हणून तीस वर्षं तो तिला कोमारेच म्हणत आला होता. आणि चंद्राचं तिला कुणी सांगायची गरज नव्हती. वाइन बाटल्यांत भरायची ती उतरत्या चंद्रावर, कोरड्या थंडीत, म्हणजे इकडे जून ते ऑगस्टात, उत्तरेचा दमट वारा नसताना, हे या डोंगरावर शेंबडं पोरही सांगेल. पण दोर्वालिनोला भलतंच काही बोलायचं होतं आणि ते तोंडातून निघत नव्हतं. ओनोरिनाने दुधी भोपळ्याच्या तुंब्यात 'माते' नावाच्या कडवट चहाची पानं भरली, गरम पाणी ओतलं आणि नळी त्याच्याकडे करून तुंबा पुढे सरकवला. दोन घोट घेतल्यावर माणूस सुटला.

त्याची बायको एल्झीरा एप्रिलमध्ये गेली होती. फेब्रुवारीत द्राक्षं उतरवली तेव्हा चांगली धडधाकट होती. घरामागच्या उतारावर तन्नात जातीच्या द्राक्षांच्या चार ओळी तिने स्वतः लावलेल्या, स्वतः छाटलेल्या. त्यांची वाइन तिने नवऱ्याच्या वाइनमध्ये कधी मिसळू दिली नाही. तिचं पिंप वेगळं, तिची उठाठेव वेगळी. एक दिवस डोकं दुखतंय म्हणून आडवी झाली ती उठलीच नाही. पिंप मात्र तळघरात तसंच राहिलं.

"ऐंशी बाटल्या होतील," दोर्वालिनो म्हणाला. "कुणाला द्यायच्या नाहीत मला. दरवर्षी तिच्या प्रार्थनेच्या दिवशी एक, पोरी आल्या की एक. दहा वर्षं पुरवणार आहे. मी तेवढा टिकतो की नाही ते देव जाणे, पण वाइन टिकली पाहिजे."

"तन्नात आहे, टिकेल. बूच चांगलं असलं की झालं."

"म्हणून तर आलो ना तुझ्याकडं. ही प्लास्टिकमधली भाच्याने शहरातून आणलीत. आणि ही तिच्या कपाटात सापडली, गोधड्यांच्या खाली. तिनेच कधीतरी आणून ठेवलेली. यातली कुठली मारू ते तू सांग. दोन्ही पिशव्या ठेवून जातो, दुपारी येतो."

आजूबाजूच्या सगळ्या घरांचा हा रिवाज होता. बाटल्या भरायच्या आधी ओनोरिनाकडे बुचं आणायची. ती प्रत्येक पिशवीतली पाच बुचं कोमट पाण्याच्या कपात टाकायची, वर बशी झाकायची आणि तीन-चार तास त्याकडे ढुंकून बघायची नाही. मग बशी उचलून, डोळे मिटून, एकदाच हुंगायची. ओल्या गोणपाटासारखा, बुरशी धरलेल्या भिंतीसारखा वास आला की ती पिशवी बाद. तसलं एक बूच वर्षभराची बाटली मातीत घालतं. एकदा तिने एका लग्नघरची तीनशे बुचं परत पाठवली, तर दुकानदार स्वतः भांडायला आला. तिने त्याला याच टेबलाशी बसवलं, कप नाकाखाली धरला, आणि तो मुकाट्याने पैसे परत करून गेला. ओनोरिनाच्या नाकाचा वेगळा बाप्तिस्मा करायला हवा होता, असं लोक हसून म्हणायचे. तिला ते मनातून आवडायचं. एवढं आवडायचं, की दुसऱ्या कुणी भाजीचा वास घेऊन काही म्हटलं तरी ती नाक मुरडायची.

आणि मे महिन्यापासून त्या नाकाला काहीही कळत नव्हतं.

आठ दिवस ताप आला होता. नवव्या दिवशी सून जुसारा कॉफी घेऊन आली, तर ओनोरिना तिच्यावर खेकसली, की नुसतं गढूळ पाणी काय आणून देतेस. जुसाराने कप उचलून स्वतः घोट घेतला आणि आणखी पूड घालून आणली. तीही तशीच. आज वास येईल, उद्या येईल असं करत ओनोरिनाने साबण हुंगला, लसूण हुंगला, धुरात टांगलेलं सलामे, डुकराच्या मांसाचं, हुंगलं. सगळीकडे नुसती हवा.

हे ती कुणालाच बोलली नाही. का नाही बोलली, असं विचारणाऱ्याने तिच्या घरात चार दिवस राहून बघावं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. मळा मुलाने, वालदेसीरने हाती घेतला. पिंपं त्याची, छाटणी त्याची. स्वयंपाक जुसाराचा, जी तिला मानाने 'दोना' म्हणायची. ओनोरिनाला सगळे मान द्यायचे, पहिलं ताट द्यायचे, आणि विचारायचे फक्त एकच गोष्ट, की वास कसा आहे. तेवढंही गेलं तर आपण खिडकीशी बसून शेंगा सोलायच्या म्हातारीपलीकडे काय, या भीतीने तिची झोप उडाली होती.

मग ती डोळ्यांवर काम भागवू लागली. जूनचा चंद्र असाच काढला, जुलैचाही. कप मांडायचे, बशी झाकायची, हुंगल्यासारखं करायचं, आणि निवडायची ती दिसायला उजवी बुचं. भोकं कमी, दाबलं की परत फुगणारी, लांबीला चांगली. अकरा घरांना तिने अशी बुचं सांगितली होती. बारावं घर तिचं स्वतःचं.

दुपारी दोर्वालिनो आला तेव्हा तिने बशा उचलल्या. पहिला कप, प्लास्टिकमधल्यांचा. काही नाही. दुसरा कप, एल्झीराच्या कपाटातल्यांचा. काही नाही. डोळे मिटलेले, समोर दोर्वालिनो श्वास रोखून बसलेला, आणि ओनोरिना मनातल्या मनात हिशेब करत होती. ही कपाटातली तपकिरी, आखूड, खड्ड्याखड्ड्यांची. कितीतरी दिवस गोधड्यांखाली पडलेली, म्हणजे कोंदट वास धरणारच. ही नवी तर लांब, गुळगुळीत, पांढरीशुभ्र.

एवढी पांढरीशुभ्र का, हा प्रश्न एरवी तिला आधी पडला असता. बूच धुऊन पांढरं केलं की लोक भुलतात, आणि त्याच धुण्याच्या पावडरीतून पुढे ओल लागली की तो वास जन्माला येतो, हे तिनेच कितीजणांना ऐकवलं होतं. पण नाक असतं तेव्हा माणूस डोळ्यांना हसतो. नाक गेल्यावर डोळ्यांचंच ऐकावं लागतं.

"पांढरी मार," ती म्हणाली.

"नक्की ना? ही तिची होती म्हणून जीव अडकतोय थोडा."

"तिची होती म्हणून चांगली होत नाहीत. गोधड्यांत राहिलीत. पांढरी मार."

दोर्वालिनोने सुटकेचा श्वास टाकला. "तुझ्या नाकावर माझा पाद्रीबाबांपेक्षा जास्त भरवसा आहे," म्हणाला. दोन्ही पिशव्या उचलल्या, उद्या सकाळीच बसतो म्हणाला आणि गेला. ओनोरिना लोखंडी चुलीच्या कठड्याला टेकून उभी राहिली.

जुसारा अंगणातून लाकडं घेऊन आली. ओझं खाली टाकून तिने टेबल आवरायला घेतलं, पहिला कप उचलला आणि झटक्यात मान मागे घेतली.

"शी! दोना ओनोरिना, हे काय कुजलंय यात?"

"कापडी पिशवीतलं असेल. ओतून टाक."

"कापडी तर हा. याला लाकडासारखा येतोय नुसता. घाण मारतोय तो प्लास्टिकवाला. ओलं कुत्रं गोणपाटावर बसवावं तसं." तिने पुन्हा हुंगलं. "दोर्वालिनोंना कुठली सांगितलीत?"

ओनोरिनाने एप्रनची गाठ सोडली आणि परत बांधली.

"मला काय कळतं म्हणा," जुसारा हळूच म्हणाली. "मी खाडीकाठच्या मासेवाल्यांची पोर. मासे सोडून आम्हाला कसला वास येत नाही, तुम्हीच म्हणता."

"म्हणतेच. अजूनही म्हणेन. कप धू."

"धुते. पण आधी चुलीवरचं सूप खाली घ्या. करपलंय ते. मी फाटकात होते तेव्हापासून वास येतोय, आणि तुम्ही तर चुलीला टेकून उभ्या आहात."

ओनोरिनाने मागे वळून पाहिलं. झाकणाखालून काळा धूर येत होता.

"सर्दी झालीय मला."

"कधीपासूनची?"

"तुला काय करायचंय! नसत्या चौकशा! तुझं काम बघ."

जुसाराने भांडं उतरवलं, खिडकी उघडली आणि कप धुवायला घेतले. तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. भांडणात ओनोरिना कधी हरली नव्हती.

दोर्वालिनोचं घर अर्ध्या तासाच्या वाटेवर. ऊन अजून डोंगरावर होतं. ओनोरिनाने शाल उचलली आणि परत खुंटीला लावली. दोनदा. मनाशी म्हणाली, जुसाराचं नाक ते, त्याचा काय भरवसा. मग म्हणाली, पाचात एखादं बूच वाईट निघतंच. मग म्हणाली, दोर्वालिनोला कुठे काही कळतं, तो तर व्हिनेगरही वाइन म्हणून पिईल. तिसरं कारण सुचल्यावर तिची तिलाच लाज वाटली. तरी ती गेली नाही. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली, आणि पहाटे अंगणात पांढरं दव गोठलेलं दिसलं तशी शालही न घेता निघाली.

दोर्वालिनो तळघरात होता. रविवारचा इस्त्रीचा सदरा घालून बसला होता वाइन भरायला. भिंतीशी चौतीस बाटल्या बूच मारून ओळीने उभ्या होत्या आणि यंत्राच्या दांड्याखाली पस्तिसावी होती.

"थांब!" ओनोरिना दारातूनच ओरडली. "दांडा सोड. वारा फिरलाय. उत्तरेचा आहे."

तो दचकून उठला, बाहेर आला आणि स्वतःच्या धुराड्याकडे बघितलं. मग तिच्याकडे.

"धूर बघ की कोमारे. चांगला दक्षिणेचा आहे, कान कापून नेतोय माझे. काय झालंय?"

"मग... चंद्राचं..."

"चंद्रालाही काही झालं का?"

तो हसत होता. तिला वाटलं, आत्ता पाय वळवून निघून जावं. पण पाय वळले नाहीत. ती आत येऊन पालथ्या खोक्यावर बसली.

"दोर्वालिनो, मला वास येत नाही."

"कसला?"

"कसलाच नाही. मे महिन्यापासून. काल मी काही हुंगलं नाही. नुसतं नाटक केलं. ती पांढरी बुचं नासकी आहेत. जुसाराला कळलं, मला नाही."

त्याने पिशवीत तोंड घालून हुंगलं, एक बाटली उघडून हुंगली, परत पिशवी हुंगली, आणि पिशवी जमिनीवर आपटली. बुचं चहूकडे घरंगळली.

"मला काय कळणार यातलं! मला कधी कळलंय! म्हणून तर तुझ्याकडं आलो होतो ना!"

"चूक झाली माझी."

"चूक? चूक म्हणजे माणसाला माहीत नसतं तेव्हा होते ती. तुला माहीत होतं." त्याचा आवाज एकदम खाली आला, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "तुला कळतंय का काय झालं असतं? एल्झीराच्या दिवशी मी बाटली उघडली असती. पोरी बसलेल्या. घाणेरडा वास आला असता. तेव्हा मला कोण आठवलं असतं? तू? तुझं बूच? मी म्हटलं असतं, बिघडली. तुमच्या आईच्या हातची ही शेवटची काही धड झाली नाही, पोरींनो. दहा वर्षं मी तिलाच दोष दिला असता. आणि ती काही येऊन सांगणार नव्हती, की अहो, माझं काही चुकलं नाही."

ओनोरिनाने रात्रभर वाइनचा विचार केला होता, बाटल्यांचा, लोकांच्या तोंडांचा, आपल्या नाकाचा. मेलेल्या बाईवर आळ येईल हे तिच्या मनालाही शिवलं नव्हतं. एल्झीरा तिची मैत्रीण होती. ती खोक्यावर बसून रडली, आणि दोर्वालिनोने तिला रडू नको म्हटलं नाही.

जुसारा आली तेव्हा दोघं बुचं उपसत होती. सासू थंडीत शालीविना गेलेली तिने पाहिली होती, म्हणून शाल घेऊन मागोमाग आली होती. तिला काही सांगावं लागलं नाही. तिने उघडलेल्या बाटल्या एकेक करून नाकाशी धरल्या.

"अजून धरलेला नाही वास," ती दोर्वालिनोला म्हणाली. "तासाभरात नाही धरत बहुतेक. पिंपात परत ओता. कापडी पिशवी आणा बघू." तिने त्यातली मूठभर बुचं हुंगली, दोन बाजूला काढली. "ही चांगली आहेत. एल्झीराबाईंनी बघूनच घेतली असणार."

"बघूनच घेतली असणार," दोर्वालिनो म्हणाला आणि बाहीने डोळे पुसले. त्याने जुसाराचे आभार मानले. ओनोरिना निघाली तेव्हा तिच्याकडे न बघता म्हणाला, "बाकीच्या घरांना सांगणार आहेस की नाही?"

"सांगणार."

"आजच सांग."

परतीच्या वाटेवर दोघी पुढेमागे चालत होत्या. ओढ्याचा पूल आला तेव्हा ओनोरिनाने विचारलं, कारण न विचारता पुढे पाऊल पडेना.

"आपल्या वाइनलाही येतो का गं?"

"जुलैत भरली तिला?"

"तिचीही बुचं मीच निवडली होती."

"येतो," जुसारा म्हणाली. "तीनांत दोन बाटल्यांना तरी."

"महिना झाला, तू ती पितेस!"

"मी ओतून घेते आणि ग्लास तसाच ठेवते. तुमचं लक्ष नसतं."

"आणि वालदेसीर?"

"ते पितात. सगळी पितात, उरली तर माझीही." जुसारा थांबली. इतक्या दिवसांचं तिच्या पोटात साचलेलं आता बाहेर येत होतं. "त्यांना वाटतं पिंप त्यांनी बिघडवलं. जानेवारीत पिंपात गंधक नीट जाळला नाही, म्हणून बुरशी धरली. दर रविवारी जेवण झालं की गोठ्यामागे पिंप घासत बसतात, ते काय हौस म्हणून?"

"मला एका शब्दाने बोलला नाही."

"काय बोलणार? पहिल्या बाटलीचा पहिला घोट तुम्ही घेतलात. घेतलात आणि म्हणालात, छान उतरलीय, अगदी बाबांसारखी. आठवतं? नंतर मला म्हणाले, माई जन्मात वाइनबद्दल खोटं बोलली नाही. आज माझ्यासाठी बोलली. म्हणजे बघ किती वाईट झाली असेल."

"मग तू का नाही बोललीस?"

"तुम्ही चांगली म्हणालात. ते गप्प बसले. त्या टेबलावर वासाचं बोलणारी मी कोण?"

ओनोरिना चालू लागली. चालता चालता वेग वाढला, शेवटच्या चढावर तर ती सत्तरीची बाई जवळजवळ पळत होती, आणि जुसारा मागून हाका मारत होती, "दोना, सांभाळून, पडाल!"

गोठ्यामागून हातोड्याचे ठोके येत होते. वालदेसीर पिंपाची कडी उतरवत होता. तीन कडी सुटून गवतात पडली होती, फळ्यांमध्ये फटी दिसू लागल्या होत्या. हे पिंप त्याच्या पणजोबांच्या हातचं.

"हे काय करतोस?"

"सरपण," तो म्हणाला. "जुनं झालंय माई. घासून घासून दमलो. बुरशी आत गेलीय."

"पिंपाला काही झालेलं नाही. बुचं नासकी होती. मी निवडलेली."

वालदेसीरने मान वर केली. बेचाळीस वर्षांचा माणूस, दाढीत पांढरं दिसू लागलेलं. तो तिच्याकडे बघून इतकं गोड हसला, की तिचं काळीज हललं.

"राहू दे माई. कळतं मला. तू सांभाळून घेतेस."

"मी सांभाळून घेत नाही! मला वास येत नाही. तापापासून."

"बरं."

"बरं काय बरं! खरं सांगतेय मी!"

"जुसारा, तू हिला काही बोललीस ना?" तो बायकोला म्हणाला. "कशाला? आता बघ, माझ्यासाठी नाकावरही पाणी सोडायला निघाली."

आयुष्यभर ज्या बाईचा शब्द या डोंगरावर कुणी खोडला नव्हता, तिचं खरं बोलणं पोटचा मुलगा खोटं समजून माफ करत होता. ओनोरिनाने गवतात बसकण मारली आणि डोळे घट्ट मिटले.

"आण," ती म्हणाली. "काय हवं ते आण आणि माझ्या नाकाशी धर. ओळखलं तर मी खोटी."

तो जागचा हलेना. शेवटी जुसाराने काहीतरी त्याच्या हातात दिलं असावं. बाटलीचं बूच निघाल्याचा आवाज झाला, आणि ओनोरिनाचं डोकं झटक्याने मागे गेलं.

"आला की!" वालदेसीर म्हणाला. "व्हिनेगर आहे."

"झोंबलं रे. कांदा झोंबतो तसं. वास नाही आला. दुसरं आण."

मग गालाला काहीतरी ओलसर लागलं. "कापड आहे," ती म्हणाली. "कसलं ते माहीत नाही." ते ट्रॅक्टरच्या डिझेलमध्ये बुचकळलेलं फडकं होतं. मग आणखी काहीतरी आलं, त्याची ऊबही नव्हती आणि स्पर्शही नाही. "माहीत नाही," ती म्हणाली. "पुढचं." मग तो बराच वेळ आलाच नाही. आला तेव्हा काच तिच्या दाताला लागली.

"हे?"

"माहीत नाही, बाळा."

"आपली वाइन आहे, माई."

तिने डोळे उघडले. वालदेसीर तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला होता, हातात ग्लास. तो तिच्या तोंडाकडे बघत होता, आणि तिला कळलं की तो महिनाभर असाच बघत आला होता, प्रत्येक रविवारी, प्रत्येक घोटाला, हिच्या कपाळावर आठी कधी पडते म्हणून.

"म्हणजे मी नाही बिघडवली?" त्याने विचारलं.

"नाही रे. तुझी चांगलीच झाली होती. मी बिघडवली."

त्याने ग्लास गवतात ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. जुसारा त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. नाकाचं बिंग फुटेल त्या दिवशी आपण या घरातून उठलो, असं ओनोरिनाला तीन महिने वाटत होतं. तो दिवस आला होता, आणि तिला स्वतःचं काहीच वाटत नव्हतं. फक्त हा पोरगा एवढे दिवस एकट्याने पिंप घासत होता, याने तिचा जीव तुटत होता.

मग तिला ती अकरा घरं आठवली, आणि पहिल्यांदाच त्या घरांतली माणसं आठवली. तिथेही कुणीतरी पिंप घासत असेल. कुणी बायकोच्या हातांना बोल लावत असेल, कुणी म्हाताऱ्या बापाला म्हणत असेल की तुम्हाला आता जमत नाही, राहू द्या. ती जमिनीला हात टेकून उठली.

"जुसारा," ती म्हणाली, "चल माझ्याबरोबर. बोलेन मी. पण नाक गेलंय हे त्या घरांत कुणी खरं मानणार नाही, हुंगायला तू हवीस."